किनाबातांगानच्या काठावरील नासधूस: स्वयंसेवकाने काय पाहावे, काय टिपावे आणि ते कोणाच्या हाती द्यावे

बोर्निओ बेटावरील मलेशियाच्या सबाह राज्यात, किनाबातांगान नदीकाठच्या एका निसर्गपर्यटन तळावर आठ आठवड्यांसाठी स्वयंसेवक म्हणून गेलेल्या नाशिकच्या एका वनस्पतिशास्त्राच्या पदवीधर तरुणीने हा प्रश्न विचारला आहे. सकाळी जंगलात रोपे लावायची आणि दुपारनंतर पाहुण्यांच्या होडीवर मदत करायची, असे तिचे काम आहे. चौथ्या आठवड्यात होडी नेहमीपेक्षा बरीच वर गेली, तेव्हा तिला नव्याने साफ केलेली जमीन, थेट पाण्यापर्यंत आलेली तेलताडाची (ज्याच्या फळांतून पामतेल काढतात त्या झाडाची) लागवड आणि एका चरातून नदीत उतरणारे गडद, फेसाळ पाणी दिसले. त्याच संध्याकाळी माकडांच्या एका झाडाभोवती तिने चौदा होड्या मोजल्या. तळावर तिला एवढेच सांगण्यात आले की पाहुण्यांना तिकडे नेऊ नये. हे सगळे जाहीरपणे मांडावे, काम सोडून परत यावे की गप्प राहून रोपे लावत राहावे, हा तिचा प्रश्न आहे. आणि आपण येण्यानेही या नुकसानीत भर पडली का, ही तिची खंत आहे.

सतरा वर्षे मी अशा स्वयंसेवकांच्या तुकड्यांबरोबर काम करीत आलो आहे आणि त्यातला मोठा काळ याच नदीच्या काठी गेला आहे, म्हणून उत्तर आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. राहिलेले चार आठवडे तिथेच थांबा. जे पाहिले ते आजच, आठवण ताजी असताना, तारीख आणि जागेसह वहीत उतरवा, आणि ते आधी त्या माणसांच्या हाती द्या जी तुम्ही परतल्यानंतरही त्याच काठावर राहणार आहेत. परक्या देशातील स्वयंसेवकाने पाहिलेल्या गोष्टीला स्थानिक माणसाच्या हाती पडल्यावरच खरी किंमत येते, हे मी चुका करून शिकलो आहे, आणि त्यातली एक चूक पुढे सांगणार आहे.

प्रथम, तुम्ही ज्या जंगलात उभ्या आहात ते काय आहे हे नीट समजून घ्या. किनाबातांगान ही सबाहमधील सर्वांत लांब नदी, सुमारे ५६० किलोमीटरची. तिच्या खालच्या खोऱ्यात १९५०च्या दशकापासून व्यापारी लाकूडतोड झाली, पुढे कोकोची लागवड आली आणि १९८०च्या दशकापासून तेलताडाने सपाट पूरमैदान व्यापत नेले. २००५ मध्ये जे अभयारण्य जाहीर झाले ते सुमारे २६,००० हेक्टरांचे असले तरी अखंड नाही. ते दहा तुकड्यांत विभागलेले आहे, आणि कित्येक ठिकाणी जंगल म्हणजे नदीला लागून उरलेला एक अरुंद पट्टा आहे. पट्ट्याच्या पलीकडे लगेच मळे सुरू होतात. तुमच्या होडीतून एका फेरीत हत्ती, ओरांगउटान, लांब नाकाची प्रोबोसिस माकडे आणि धनेश असे सगळे दिसते आणि पाहुणे म्हणतात की जंगल किती समृद्ध आहे. प्राणी काठावर इतके दाटीने दिसतात, कारण मागे सरकायला त्यांना जागा राहिलेली नाही. तुम्ही नुकसान चौथ्या आठवड्यात पाहिले असे लिहिले आहे, परंतु पहिल्या दिवशी ज्या दर्शनाने तुमचे मन भरून आले होते तेही त्याच नुकसानीचे रूप होते. या खोऱ्यातील ओरांगउटानांची संख्या शतकाच्या सुरुवातीच्या पाहणीत अकराशेच्या आसपास होती आणि सुमारे दीड दशकानंतरच्या पाहणीत ती आठशेच्या आसपास आली. मादी सात-आठ वर्षांतून एकदाच पिल्लाला जन्म देते, त्यामुळे ही घट भरून निघणे किती अवघड आहे याची कल्पना करता येईल.

आता तुम्ही पाहिलेल्या तीन गोष्टी. साफ केलेली जमीन, पाण्यापर्यंतचे ताड आणि फेसाळ पाणी या तिन्हींना तुम्ही एकच गुन्हा समजला आहात. त्यांची शहानिशा वेगवेगळी करावी लागते.

तेलताडाचे झाड साधारण तिसऱ्या वर्षी फळ धरू लागते आणि पंचवीस वर्षांच्या आसपास ते इतके उंच होते की घड काढणे परवडत नाही. मग जुना मळा पाडून नवा लावतात. सबाहमधील मळे आता या वयाचे झाले आहेत, म्हणून उघडी-बोडकी जमीन दिसली की ती जंगलतोडच असेल असे नाही. पुन्हा तिकडून होडी गेली तर दुर्बिणीतून जमिनीवर काय पडले आहे ते पाहा. ताडाचे खोड पाडले की त्याचे चकत्यांसारखे तुकडे करून ते सरळ ओळींत कुजायला रचतात. ते तंतुमय आणि झाडूच्या मुडग्यासारखे दिसतात, आणि मधून मधून जुन्या पायवाटांची चौकट ओळखू येते. जंगल पाडलेले असेल तर वेगवेगळ्या जाडीचे बुंधे, आधारमुळांचे पसरट पडदे, वेलींचे गुंते आणि ओबडधोबड ढीग दिसतात. उपग्रहाच्या चित्रांवर आधारलेले नकाशे पाहून घाईने निष्कर्ष काढू नका, कारण जुन्या ताडांची तोडही अशा नकाशांवर वृक्षाच्छादन गेल्याच्या खुणेनेच दाखवली जाते. तीन-चार वर्षांपूर्वीचे त्याच जागेचे चित्र शेजारी ठेवल्यावर खरा प्रकार कळतो.

पाण्यापर्यंत आलेल्या ताडांबाबत सबाहचा १९९८चा जलसंपत्ती कायदा आहे, आणि त्यानुसार तीन मीटरहून रुंद नदीच्या दोन्ही काठांवर वीस मीटरांचा पट्टा राखून ठेवायचा असतो. कायदा स्पष्ट आहे, तरी प्रत्यक्ष काठ स्पष्ट नसतो. किनाबातांगान ही वळणे घेत सरकणारी नदी आहे; वळणाच्या बाहेरच्या बाजूने ती दरवर्षी काठ खाते, आणि झाडांची मुळे नसतील तिथे आणखी वेगाने खाते. वीस वर्षांपूर्वी पुरेसे अंतर सोडून लावलेले ताड आज पाण्यात झुकलेले दिसू शकतात. त्याने मळेवाला निर्दोष ठरतो असे माझे म्हणणे नाही, कारण त्या वीस मीटरांत जंगलाऐवजी नुसते गवत ठेवल्यामुळेच काठ ढासळतो. पण तक्रारीत ‘नियम मोडून लावलेले ताड’ असे लिहिले आणि ते जुने निघाले, तर संपूर्ण तक्रारच बाद होते. म्हणून ताडांचे वय पाहा. चार-पाच वर्षांची बुटकी झाडे पाण्यालगत असतील, म्हणजे फेरलागवडीच्या वेळीही पट्टा सोडलेला नसेल, तर ती गोष्ट गंभीर आणि टिपण्यासारखी आहे, आणि अशा ठिकाणी तक्रारीला जोर येतो.

फेसाळ पाण्याविषयी मात्र मी जरा सविस्तर लिहितो, कारण माझी चूक इथेच झाली होती.

तोडलेला फळांचा घड साधारण एका दिवसाच्या आत पामतेलाच्या गिरणीत गेला नाही तर तेलातील आम्लता वाढते, म्हणून गिरण्या मळ्यांच्या मधोमध आणि पाण्याजवळ असतात. एक टन कच्चे पामतेल काढताना अडीच ते साडेतीन टन सांडपाणी निघते. ते बाहेर पडते तेव्हा गरम, तपकिरी आणि आंबूस असते, आणि त्याची प्राणवायूची मागणी, ज्याला आपण बीओडी म्हणतो, लिटरला २५,००० मिलिग्रॅमच्या घरात असते. शहरी मैलापाण्याची ती दोन-तीनशे असते, यावरून फरक लक्षात यावा. ते तळ्यांच्या रांगेतून आठवडेच्या आठवडे मुरवून मगच सोडायचे असते. तळी गाळाने भरली, किंवा रात्रभर पाऊस पडून ओसंडली, तर न मुरलेले पाणी नदीत येते, विरघळलेला प्राणवायू झपाट्याने उतरतो आणि मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात.

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी मी एका ओढ्याच्या मुखाशी गडद पाणी आणि फेस पाहिला. वर दीड-दोन किलोमीटरवर गिरणीचे धुराडे दिसत होते. मी छायाचित्रे काढली, गिरणीचा उल्लेख केला आणि ती दूरच्या लोकांना पाठवली. चौकशी झाली तेव्हा निघाले की तो ओढा दलदलीच्या जंगलातून येणारा होता आणि त्याचे पाणी कुजलेल्या पाल्याच्या रंगाने मुळातच तसे गडद होते. अशा पाण्याला नैसर्गिक फेसही येतो. मला त्याचा काही त्रास झाला नाही. मी दोन महिन्यांनी पुण्यात होतो. मला तिकडे नेणाऱ्या नावाड्याला मात्र त्या मळ्याच्या माणसांची ने-आण करण्याचे काम पुढे कित्येक महिने मिळाले नाही, आणि त्यानंतरच्या वर्षी गावाने खरोखरच्या सांडपाण्याची तक्रार केली तेव्हा ‘मागच्या वेळेसारखेच असेल’ म्हणून ती बाजूला ठेवली गेली. पाण्यात राहून माशाशी वैर करण्याची वेळ मी त्या नावाड्यावर त्याला न विचारता आणली होती. ही गोष्ट मी आजही प्रत्येक तुकडीला पहिल्याच दिवशी सांगतो.

त्यामुळे आता असे करा. स्वच्छ पारदर्शक बाटलीत पाणी घेऊन ती पांढऱ्या कागदासमोर धरा. दलदलीचे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते, रंग गडद असला तरी आरपार दिसते. गिरणीचे पाणी गढूळ असते, अर्ध्या तासात तळाशी दाट गाळ बसतो आणि वर तेलाचा बारीक तवंग येतो. वास घ्या, आंबलेल्या, सडलेल्या वासात गोंधळ होत नाही. पाण्यात बुडालेल्या फांद्यांवर करडा, बुळबुळीत, कापसासारखा थर आहे का ते पाहा, कारण तो थर दिसला तर तिथे घाण पाणी नेहमी येते असे समजावे. हात घालू नका, आणि चराच्या काठाने मळ्याच्या हद्दीत पाऊल टाकू नका. नदीतून जेवढे दिसते तेवढेच टिपा. वहीत तारीख, वेळ, जागेचे अक्षांश-रेखांश, मागच्या चोवीस तासांत पाऊस होता की नाही, नदीची पातळी चढती की उतरती आणि छायाचित्र कोणत्या दिशेला तोंड करून घेतले, एवढे लिहा. एक छायाचित्र लांबून, एखादे ओळखीचे झाड किंवा वळण येईल असे, एक जवळून. मग त्याच जागी तीन-चार दिवसांनी पुन्हा जा, आणि काही दिसले नाही तरी ‘काही दिसले नाही’ असे तारखेनिशी लिहा. नोंदवहीत रिकामे दिवसही असले की वाचणाऱ्याचा भरवसा बसतो. एकाच दिवशीच्या चाळीस छायाचित्रांपेक्षा चार आठवड्यांतील आठ नोंदी उपयोगी पडतात.

हे कोणाला द्यायचे? पहिल्यांदा नावाड्याला आणि तळावरील एखाद्या जाणत्या स्थानिक कामगाराला दाखवा, आणि दाखवताना विचारा की हे पूर्वीही होत असे का. उत्तर बहुधा तुम्हाला थक्क करील, कारण इथले स्थानिक लोक, ओरांग सुंगाई, म्हणजे शब्दशः नदीची माणसे, तो चर कधी वाहतो आणि कधी बंद असतो हे वर्षानुवर्षे जाणून असतात. तळावर तुम्हाला मिळालेल्या उत्तरामागे बेफिकिरी असेल असे लगेच धरून चालू नका. गावातील कोणाचा भाऊ गिरणीत असतो, कोणाची मुलगी मळ्याच्या कार्यालयात असते, आणि पुराच्या वेळी मळ्याचाच रस्ता गावाच्या कामी येतो. तक्रार करायची की नाही, केव्हा करायची आणि कोणाच्या नावाने करायची, हा निर्णय त्यांचा आहे. ते हो म्हणाले तर नोंदी व्यवस्थित लिहून देण्याचे काम तुम्ही करा. गिरणीचे सांडपाणी मलेशियाच्या केंद्र सरकारच्या १९७४च्या पर्यावरण कायद्याखाली तेथील पर्यावरण खात्याकडे जाते, नदीकाठचा पट्टा राज्याच्या पाटबंधारे खात्याकडे आणि वन्यप्राण्यांचा विषय सबाहच्या वन्यजीव खात्याकडे. अर्ज चुकीच्या दारात पडला की महिने जातात. गिरणी किंवा मळा शाश्वत पामतेलाच्या आंतरराष्ट्रीय मंचाचा, म्हणजे २००४ साली स्थापन झालेल्या आरएसपीओचा सभासद असेल तर तिथेही तक्रारीची रीतसर सोय आहे. अनेक मोठ्या तेलकंपन्या आपल्याला माल पुरवणाऱ्या गिरण्यांची यादी जाहीर करतात, त्यामुळे गिरणीचे नाव कळले की तेल कुठे जाते याचा माग काढता येतो. हा माग काढणे इंटरनेट आणि इंग्रजी हाताशी असलेल्या स्वयंसेवकाला सोपे जाते आणि गावाला अवघड जाते, म्हणून तिथे तुमचा खरा उपयोग आहे.

कंटाळवाण्या नोंदींना कधी काळी महत्त्व येते हे केवळ धीर देण्यासाठी म्हणत नाही. सुकाऊ गावाजवळ नदीवर पूल बांधण्याची योजना होती आणि २०१७ मध्ये ती रद्द झाली. पुलाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हते. रस्त्याची आणि दळणवळणाची गरज खरीच होती. परंतु हत्तींच्या गळ्यातील उपग्रहपट्ट्यांवरून वर्षानुवर्षे जमलेल्या नोंदी संशोधकांच्या हाती होत्या, आणि हत्ती त्या अरुंद पट्ट्यातून नेमके कुठून ये-जा करतात व रस्त्यामुळे काय होईल हे त्यांना दाखवता आले. त्या नोंदी गोळा केल्या जात असताना पुलाच्या वादासाठी म्हणून कोणी त्या गोळा करीत नव्हते.

माकडांच्या झाडाभोवतीच्या चौदा होड्या हा मात्र वेगळा विषय आहे, आणि इथे मी तुम्हाला गप्प राहायला सांगणार नाही. ते नुकसान आपल्याच व्यवसायाचे आहे आणि तुम्ही त्या होडीत बसलेल्या आहात. प्रोबोसिस माकडे दिवसभर आत चरतात आणि संध्याकाळी झोपायला नदीकाठच्या झाडांवर येतात. पाण्याच्या बाजूने शत्रू कमी येतो, हे त्याचे एक कारण मानले जाते. नेमक्या त्याच वेळी सगळ्या तळांच्या होड्या सुटतात. इंजिनांचा आवाज आणि पाहुण्यांचा ओरडा वाढला की कळप झाड सोडून आत जातो, आणि अंधार पडताना त्याला दुसरी जागा शोधावी लागते. लाटांनी काठाची मातीही सुटते. आपल्या होडीपुरते काय करता येईल हे नावाड्याशी बोला: झाडाच्या बरेच आधी इंजिन बंद करून वल्ह्याने जाणे, आधीच पाच-सहा होड्या असतील तर पुढे निघून जाणे, दहा मिनिटांत जागा सोडणे, नर फांद्या हलवून गुरगुरू लागला की लगेच मागे सरणे. नावाड्याला बक्षिसी जवळच्या छायाचित्रावर मिळते, हे विसरू नका. म्हणून होडी निघण्यापूर्वी पाहुण्यांना तुम्हीच सांगा की आज आपण लांबून पाहणार आहोत आणि का. मी अनेक वर्षे हे करून पाहिले आहे. आधी सांगितले तर पाहुणे बहुधा समजून घेतात, झाडाखाली गेल्यावर सांगितले तर नाराज होतात. ओरांगउटानाच्या बाबतीत किमान दहा मीटरांचे अंतर राखा आणि सर्दी-खोकला असेल त्या दिवशी जाऊच नका, कारण आपले श्वसनाचे रोग त्यांना होतात. ज्या तळावर पिल्लू कडेवर घेऊन छायाचित्र काढू देतात तिथे काम करू नये, एवढे सांगून हा मुद्दा संपवतो.

रोपे लावण्याच्या कामाला तुम्ही पत्रात ‘मनाचे समाधान’ म्हटले आहे. ते तेवढ्यावर सोडू नका. तुम्ही लावत असलेल्या रोपांमध्ये लारान असेल. ते आपले कदंब. काठावर उंबरही आहे, आणि त्याची फळे धनेश व ओरांगउटान दोघेही खातात. नाशिकच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला तिथे अगदीच परके वाटायचे कारण नाही. लावलेले रोप मरते ते बहुधा पुराने आणि त्याहून अधिक गवत-वेलींनी. माणसापेक्षा उंच गवत दोन महिन्यांत रोपाला झाकून टाकते, म्हणून पहिली दोन-तीन वर्षे खुरपणी करावीच लागते. स्वयंसेवकांना लागवड हवी असते. खुरपणीला कोणी तयार नसते, आणि तळही पाहुण्यांच्या आवडीप्रमाणे कामे वाटतात. तुम्ही आपण होऊन खुरपणी मागून घ्या. मागच्या वर्षीच्या लागवडीच्या एका ओळीत रोपांच्या खुणेच्या काठ्या मोजा, जिवंत रोपे मोजा, आणि तो आकडा तळाच्या व्यवस्थापकाला द्या. जगण्याचे प्रमाण कोणी मोजत नसेल तर ती उणीव आहे, आणि ती तुम्ही एका सकाळी भरून काढू शकता.

बातू पुतेह गावच्या कोपेल या सहकारी संस्थेचे काम तुम्ही होडीने जाऊन एकदा पाहून यावे, असे मी आग्रहाने सांगेन. तिथे तुंगोग नावाचे, घोड्याच्या नालेच्या आकाराचे सरोवर आहे. त्यावर साल्विनिया या तरंगत्या परदेशी वनस्पतीचा जाड गालिचा पसरला होता. केरळात तिला आफ्रिकन पायल म्हणतात, आणि आपल्याकडच्या जलपर्णीने नद्यांचे काय होते ते तुम्हाला माहीत आहेच. गावकऱ्यांनी आणि त्यांच्याबरोबर आलेल्या स्वयंसेवकांनी ती हातांनी ओढून काढली, पुन्हा वाढली तेव्हा पुन्हा काढली. हे काम गावाच्या मालकीचे आहे, पाहुण्यांचा पैसा सहकारी संस्थेत येतो आणि तिचे सभासद त्याचा हिशेब विचारू शकतात. कोणत्याही तळाला हाच प्रश्न विचारावा: मी भरलेल्या शुल्कातील किती रक्कम गावात राहते, आणि मी करते ते काम इथल्या कोणाच्या मजुरीचे तर नाही ना? रोपवाटिकेत दहा स्त्रियांना काम मिळाले असते ते आपण फुकट करीत असू, तर आपले येणे तोट्याचे आहे. अनेक ठिकाणी उत्तर चांगले मिळते. जिथे मिळत नाही तिथे पुढच्या स्वयंसेवकाला सावध करणे योग्य ठरते.

तुमच्या येण्याने भर पडली का, याचे उत्तर हो असे आहे. मुंबई ते क्वालालंपूर आणि पुढे सांदाकान, जाऊन-येऊन अकरा हजार किलोमीटरांचा प्रवास होतो आणि त्यामागे दरडोई सुमारे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. काही झाडे लावून तो फिटला असे समजू नये. यावर माझा स्वतःचा नियम असा आहे की दोन आठवड्यांसाठी कोणालाही मी तिकडे बोलावत नाही. निदान सहा आठवडे राहणार असेल तरच यावे, आणि तेही एकदाच. आणखी एक गोष्ट लगेच तपासा. सबाहला प्रवेशाचे स्वतंत्र नियंत्रण आहे, क्वालालंपूरहून येतानाही पासपोर्टावर वेगळा शिक्का बसतो, आणि पर्यटकाच्या परवान्यावर काम करण्यास मनाई असते. बिनपगारी काम त्यात कसे बसते याचे लेखी उत्तर तळाकडून घेऊन ठेवा, कारण तक्रारीत तुमचे नाव आले तर पहिला प्रश्न तुमच्या परवान्याचा निघेल.

जाहीरपणे मांडण्याविषयी तुम्ही विचारलेच आहे. चार आठवडे काहीही प्रसिद्ध करू नका. नंतर लिहाल तेव्हा स्वतः पाहिले ते आणि ऐकले ते वेगळे ठेवा, मळ्याचे नाव गावाच्या संमतीशिवाय घेऊ नका, आणि प्राण्यांच्या छायाचित्रांतून जागेची माहिती काढून टाका. हत्तींच्या वाटा आणि ओरांगउटानांची घरटी शिकाऱ्यांनाही हवी असतात.

आपल्या वाचकांसाठी लिहिताना एक दुवा मात्र सोडू नका. जगात सर्वाधिक पामतेल आयात करणारा देश भारत आहे; गेल्या काही वर्षांत ही आयात वर्षाला साधारण ७५ लाख ते एक कोटी टनांच्या दरम्यान राहिली आहे, आणि फरसाण, बिस्किटे, साबण, उपाहारगृहांतील तळण यांत ते आपल्याकडे रोज येते. त्यावर बहिष्कार घाला असे मी सांगत नाही, कारण तेलताड एका हेक्टरात सोयाबीनच्या कित्येक पट तेल देतो आणि तेवढेच तेल दुसऱ्या पिकातून काढायचे तर त्याहून अधिक जमीन लागेल. तेल कोणत्या गिरणीचे, हे विचारणारा ग्राहक आपल्याकडे जवळजवळ नाही, ही खरी अडचण आहे. शिवाय २०२१ पासून केंद्र सरकारची ११,०४० कोटी रुपयांची योजना भारतातच, विशेषतः ईशान्येकडे आणि अंदमानात, तेलताडाचे क्षेत्र वाढवीत आहे. नदीकाठचा वीस मीटरांचा पट्टा सोडला नाही तर वीस वर्षांनी काठ कसा दिसतो, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत ते लिहिता येणारी माणसे आपल्याकडे फार थोडी आहेत, म्हणून तुमच्या वहीची मला खरोखर काळजी आहे.

निघण्यापूर्वीच्या आठवड्यात त्या वहीच्या तीन प्रती करा. एक नावाड्याला, एक तळावर आणि एक गावाच्या संस्थेत द्या. नोंदी इंग्रजीत असतील तर तळावरील कोणाच्या तरी मदतीने प्रत्येक पानाखाली दोन-दोन ओळी मलय भाषेत लिहून घ्या, आणि चराच्या जागेची खूण होडीतून ओळखता येईल अशा शब्दांत लिहा: कोणत्या वळणानंतर, कोणत्या काठाला, कोणत्या झाडाच्या खाली.